तो वारा नव्हता

‘शाळेने मला काय दिलं यावर दोन पानं लिहा,’ असा माजी विद्यार्थी संमेलनाच्या स्मरणिका समितीचा फोन आला. यादीत माझ्या आधी दोन डॉक्टर आणि एक निवृत्त कर्नल आहेत हेही कळलं. शिस्त, संस्कार, वेळेचं महत्त्व वगैरे ती मंडळी लिहितीलच, आणि माझ्यापेक्षा अधिकाराने लिहितील. माझ्या वाट्याला पडणं उरतं. १९७७ साली पाचवीत आलो आणि १९८३ला दहावी होऊन बाहेर पडलो. या सहा वर्षांत शाळेच्या वाटेवर, शाळेच्या फाटकासमोर आणि एकदा तर शाळेच्या आवारातही मी सायकलचे जे पराक्रम केले, त्यांची खरी कारणं आजवर कुणाला सांगितलेली नाहीत. घरी सांगितलं म्हैस आडवी आली. वर्गात सांगितलं खडी होती. म्हैस एकदाही नव्हती. खडी एकदा होती, पण ती रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला.

आताच्या मुलांना हे सांगायला हवं, की तेव्हा साताऱ्यात सायकल निम्मी चालवायची आणि निम्मी ढकलायची असायची. वरचा रस्ता घ्या नाहीतर खालचा, पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे यायचं म्हणजे चढ. आमचं घर त्याही वर, बोगद्याच्या अंगाला. त्यामुळे सकाळी शाळेला जाताना पायडल मारायचं कामच नसे आणि संध्याकाळी सायकल मला नाही, मी सायकलला घरी नेत असे. उताराची ही चैन हेच माझ्या बहुतेक भानगडींचं मूळ.

सायकल शिकलो गांधी मैदानावर, भाड्याच्या सायकलवर. तासाला तीस पैसे. लहान सायकली आधीच गेलेल्या असायच्या, म्हणून मोठीच घ्यायची आणि दांडीखालून पाय घालून कैची मारायची. चार दिवसांत तोल सावरला. पण मी उतरायला शिकलोच नव्हतो, कारण रोज थोरला भाऊ सायकल धरायचा. पाचव्या दिवशी तो आला नाही. तास संपला तसा दुकानदार हात करायला लागला आणि मी त्याच्यासमोरून गोल गोल फिरत राहिलो. त्याला वाटलं पोरगं मस्तीला आलंय. वीस मिनिटांनी कठड्याला हात लावायला मिळाला तेव्हा उतरलो. जादा वेळेचे पैसे घरून आणून दिले. घरी सांगितलं, दुकानातलं घड्याळ पुढे होतं.

आठवीत असताना वडिलांनी लूना घेतली आणि त्यांची काळी चोवीस इंची सायकल माझ्याकडे आली. दांड्यांचे ब्रेक असलेली. ज्यांनी ते ब्रेक पाहिले नसतील त्यांच्यासाठी: मूठ दाबली की लोखंडी दांड्या वर ओढल्या जात आणि रबराचे गुटके रिमला आतल्या बाजूने जाऊन टेकत. पावसात रिम ओली असली की पहिले दोन-तीन फेरे ब्रेक लागतच नसे. गुटक्यांनी पाणी पुसलं, की मग पकड यायची. हे वडिलांनी मला नीट समजावलं होतं. एक मात्र समजावलं नव्हतं, कारण ते समजवावं लागेल असं कुठल्याही बापाला वाटणार नाही.

झालं असं की ब्रेक दाबला की ‘कुंईऽऽ’ असा आवाज यायचा. वर्गातली मुलं त्यावरून माझी नक्कल करायची. एका रविवारी मी सायकल उलटी केली, साखळीला तेल दिलं, पायडलला दिलं, आणि हात मोकळा आहेच म्हणून आईच्या शिलाई मशीनच्या कुपीतलं तेल चारही गुटक्यांवर सोडलं. वर रिमवरून बोट फिरवून ते नीट पसरवलंही. चाक फिरवून ब्रेक दाबला. आवाज बंद! मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

सोमवारी समर्थ मंदिरापर्यंत काही कळलं नाही, कारण तोवर ब्रेकची गरज पडली नव्हती. तिथून पुढे उतार लागला. समोरून टांगा आला म्हणून मूठ दाबली. मूठ अगदी मऊ, छान दाबली गेली. सायकल होती त्याच वेगाने चालत राहिली. दोन्ही मुठी आवळल्या, तरी तेच. टांगेवाल्याने काय शिवी दिली ती इथे छापणार नाहीत.

शाळेचं फाटक दिसलं तेव्हा पहिली घंटा होऊन गेली होती. फाटकात मुख्याध्यापक सर उभे. उशिरा येणाऱ्यांना बाजूला काढण्यासाठी ते रोजच उभे असत. त्यांनी मला पाहिलं आणि बोटाने ‘इकडे’ अशी खूण केली. मला काय करावं सुचेना. सरांसमोरून जाताना नमस्कार करायचा, एवढंच अंगवळणी पडलेलं. मी एक हात सोडून ‘नमस्ते सर!’ असं खणखणीत म्हणालो आणि शाळा ओलांडून तसाच पुढे निघून गेलो. मागे फाटकाजवळची सगळी मुलं हसली ती मला वळणापर्यंत ऐकू येत होती.

पुढे एका घराच्या बांधकामाला वाळू टाकलेली होती. तोवर उजव्या पायातली चप्पल पुढच्या चाकावर घासून घासून मी तिचा अंगठा तोडला होता. वाळूच्या ढिगात चाक रुतलं, सायकल थांबली, मी थांबलो नाही. फार लागलं नाही. पण वाळू शर्टात, दप्तरात, डब्यातल्या पोळीतसुद्धा. एका पायात चप्पल, दुसरी हातात, अशा अवस्थेत सायकल ढकलत वर आलो तेव्हा प्रार्थना संपून पहिला तास सुरू झाला होता. सर तिथेच होते. त्यांनी मला खालून वर पाहिलं. म्हणाले, ‘मघाशी गेलास तो घाईत होतास?’ मी म्हणालो, ‘सर, ब्रेकची दांडी तुटली.’ ते वाकले, दांडी हाताने हलवून पाहिली. दांडी शाबूत. बोटाला तेल लागलं ते त्यांनी रुमालाला पुसलं, आणि काही न बोलता मला वर्गात पाठवलं. छडी बसली असती तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं, आणि आजही वाटतं.

संध्याकाळी सायकल दुरुस्तीवाल्याने गुटके फेकून नवे घातले आणि धुण्याच्या सोड्याने रिमा घासून दिल्या. त्याचं वाक्य मात्र लक्षात राहिलं: ‘ब्रेक वरडतोय म्हंजी धरतोय. गप झाला की भ्यायचं.’

डबलसीटची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्यातला दुसरा गडी या संमेलनाला येणार आहे आणि तो ती लांबवून सांगेलच. चढ आला की कॅरिअरवरच्याने उतरायचं, चढ संपला की पुन्हा उडी मारून बसायचं, हा अलिखित नियम. एका शनिवारी राजवाड्याच्या पुढे तो उतरला. चढ संपल्यावर मी निघालो. तो बसला की नाही ते बघितलं नाही. कानपूरच्या कसोटीवर माझं मत मी सविस्तर मांडत होतो आणि तो ऐकून घेतोय याचं मला कौतुक वाटत होतं, कारण एरवी तो मधे बोलल्याशिवाय राहत नसे. घराशी येऊन मागे वळलो तर कॅरिअरवर फक्त त्याचं दप्तर. तो मागून धावत, ओरडत आला होता म्हणे. माझा आवाजच मोठा होता.

नववीच्या स्नेहसंमेलनात मी नाटकात इन्स्पेक्टर होतो. त्यासाठी मामाची बेलबॉटम आणली, आणि घडी मोडू नये म्हणून घरूनच घालून निघालो. घोट्याला लावायची क्लिप खिशात होती. खिशातच राहिली. मोती चौकाजवळ उजवा पाय खाली गेला तो वर येईना. पँटची मोरी साखळी आणि दातेरी चक्राच्या मधे शिरून आणखी आणखी आत ओढली जात होती. अशा वेळी पायडल हळूच उलटं फिरवलं की कापड आपोआप बाहेर येतं, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी जोर लावून सुलटंच मारलं. भर चौकात, शनिवारच्या गर्दीत, सायकलला पँटीने बांधलेला एक इन्स्पेक्टर उड्या मारत दुकानाच्या पायरीपर्यंत गेला. दुकानदाराने कात्री दिली. रंगमंचावर एक पाय घोट्यापर्यंत आणि दुसरा पोटरीपर्यंत, अशा पोशाखात मी चोराला पकडलं. ते गंभीर नाटक होतं. बक्षीस विनोदीमधलं मिळालं, हे जुन्या अहवालात सापडेल.

आता मुख्य गोष्ट. ती सांगायची म्हणूनच खरं तर हा लेख.

१९८१चा आषाढ. पावसाळ्यात यवतेश्वराकडून येणारा वारा काय असतो ते सातारकराला सांगायला नको. छत्री उलटी होते, पत्रे वाजतात, माणूस तिरका चालतो. सायकली तेव्हा शाळेच्या मागच्या भिंतीलगत एकीला एक लावून उभ्या असत. चौथ्या तासाला मी पाणी प्यायला जातो म्हणून बाहेर पडलो. पाणी नको होतं. दप्तरात ठेवली तर सापडतील म्हणून सकाळी सीटखाली चिंचांची पुडी खोचून ठेवली होती, ती काढायची होती. माझी सायकल रांगेत पहिली. पण तिचं हँडल शेजारच्या सायकलच्या ब्रेकच्या दांडीत अडकलेलं. शहाण्या माणसाने हँडल वळवून सोडवलं असतं. मी हिसडा दिला.

शेजारची सायकल कलली. तिने तिच्या शेजारणीला धरलं. मग जे सुरू झालं ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मी फक्त बघत होतो. एकेक सायकल अगदी सावकाश, जणू विचार करून, पुढचीवर आडवी होत गेली. चाळीसच्या आसपास असतील. प्रत्येक पडली की तिची घंटी ‘टिण्ण’ वाजायची. रांगेच्या शेवटी शिक्षकांच्या सायकली होत्या. सगळ्यात शेवटी चित्रकलेच्या सरांची, नव्या डायनॅमोची. तिचा दिवा भिंतीच्या दगडावर आपटून फुटला.

खिडक्यांत डोकी आली. पी.टी.चे सर धावत आले. आणि नेमका त्याच क्षणी असा जोराचा झोत आला, की वर्गाच्या दोन खिडक्या धाडकन आपटल्या. सरांनी आभाळाकडे पाहिलं. ‘काय वारा आहे!’ असं तेच म्हणाले. मी नाही म्हणालो. मी फक्त ‘हो सर’ म्हणालो, आणि खाली वाकून पहिली सायकल उचलायला लागलो.

इथवर ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर माझं नाव पुकारलं. पाणी प्यायला आलेला असूनही, कुणी न सांगता, भर पावसात सगळ्यांच्या सायकली एकट्याने उभ्या करायला सुरुवात केली, याबद्दल कौतुक. टाळ्या. शाळेच्या सहा वर्षांत सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं ते एवढं एकदाच. चित्रकलेचे सरही टाळ्या वाजवत होते. ते नंतर कित्येक दिवस संध्याकाळी अंधार पडायच्या आत घाईघाईने निघत, कारण दिव्याशिवाय सायकल दिसली की पोलीस अडवायचे. त्यांच्या तासाला मी मागच्या बाकावर बसायला लागलो.

त्या वाऱ्याचा बंदोबस्त म्हणून पालक सभेत ठराव झाला आणि प्रत्येकाकडून दोन रुपये गोळा करून सायकलींसाठी लोखंडी पाइपचा कठडा उभा राहिला. माझ्या वडिलांनीही दोन रुपये दिले. घरी येऊन म्हणाले, ‘चांगलं केलं. वाऱ्याचं काही सांगता येत नाही.’ तो पाइप अजून आहे. मागच्या दिवाळीत शाळेत गेलो तेव्हा त्याला रंग देऊन स्कूटी लावलेल्या पाहिल्या.

मला वाटायचं की वय झालं की हे थांबेल. निवृत्तीच्या आधी मुलीने गिअरची सायकल घ्यायला लावली. कासच्या रस्त्याला पहाटे जाणारी मंडळी आहेत, त्यांच्या नादी लागून पायडलला बूट अडकवायच्या क्लीटही घेतल्या. टाच बाहेरच्या बाजूला वळवली की बूट सुटतो, असं दुकानातल्या मुलाने चार वेळा करून दाखवलं. पोवई नाक्याजवळ समोर एसटी वळत होती म्हणून थांबलो. ब्रेक उत्तम लागला. सायकल जागच्या जागी उभी राहिली. टाच वळवायची आठवण मला झाली ती सायकल डावीकडे कलायला लागल्यावर. मग मी सावकाश, विचार करून, थेट १९८१च्या त्या रांगेतल्यासारखा आडवा झालो. घंटीसुद्धा वाजली. रिक्षावाला वाकून बघत होता. ‘काका, हुब्या हुब्या पडलासा व्हय?’

घरी म्हैस सांगायची सोय आता राहिलेली नाही. मुलीने घड्याळातून काढलेल्या नकाशावर सगळं दिसतं. तिथे मी तीन मिनिटं हललेलो नव्हतो.

स्मरणिका समितीला विनंती: या लेखासोबत एक पाकीट पाठवलं आहे. त्यात पाइपची रक्कम आहे, आजच्या भावाने, आणि एका डायनॅमो दिव्याची वेगळी. दिव्याचे पैसे चित्रकलेच्या सरांच्या घरी कुणीतरी नेऊन द्यावेत. त्यांच्याकडे मी स्वतः जाणार होतो, दोनदा फाटकापर्यंत जाऊन आलोही. पाइपच्या पैशांची पावती फाडावी लागेल. नावाच्या रकान्यात ‘वारा’ लिहिलं तरी चालेल.