काकांच्या वहीतला चौथा रकाना

३ ऑगस्ट २०२४, शनिवार. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरचं ऑफिस मी साडेदहाला उघडते, त्याआधीच काका जिन्यात येऊन बसले होते. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, हातात नेहमीची लाल वही. आदल्या रात्री अमेरिकेत चिप बनवणाऱ्या इंटेलचा शेअर २६ टक्के पडून २१.४८ डॉलरवर बंद झाला होता. कंपनी लाभांश थांबवणार आणि सुमारे १५,००० माणसं कमी करणार होती. काकांनी तो घेतला होता लाभांशासाठीच.

वहीत पेन्सिलीने आखलेले तीन रकाने: भाव, पीई (म्हणजे एका शेअरमागच्या नफ्याच्या कितीपट भाव आहे तो आकडा), लाभांश. डावीकडे इंटेल, उजवीकडे तिची प्रतिस्पर्धी चिप कंपनी एएमडी. मे महिन्यात त्यांनी हीच वही माझ्यापुढे ठेवली होती. एका दलालाने त्यांना इंटेलचा पीई दाखवून "स्वस्त आहे, घेऊन टाका" असं सांगितलं होतं. या एका आकड्यावर लोकांचे पैसे लावून देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

एएमडीचा पीई अवाच्या सवा दिसत होता, कारण २०२२ मध्ये झायलिंक्स ही चिप कंपनी विकत घेतल्यावर त्या खरेदीच्या किमतीचा एक भाग दर तिमाहीला थोडा थोडा खर्चात टाकला जातो. त्यात रोख बाहेर जात नाही, कागदावरचा नफा तेवढा बारीक होतो. इंटेलचं नेमकं उलट: कागदावर नफा, पण रोख बाहेर. २०२३ मध्ये धंद्यातून सुमारे ११.५ अब्ज डॉलर आले आणि कारखान्यांवर, यंत्रांवर २५ अब्जांहून जास्त गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत तिमाही लाभांश ३६.५ सेंटवरून १२.५ वर आणला होता. एएमडीने कारखाने २००९ मध्येच वेगळे काढले. तिच्या प्रगत चिप्स तैवानची टीएसएमसी बनवते, म्हणून कारखान्यांचा तो खर्च तिच्यावर पडत नाही.

हे मी मे महिन्यातही सांगितलं होतं. शनिवारी पुन्हा सांगितलं, तेव्हा काका म्हणाले, "म्हणजे मशीन रिकामं उभं राहिलं तरी शिफ्टचा पगार द्यावाच लागतो." मग पट्टी काढून त्यांनी चौथा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'हातात उरलेली रोख'. इंटेलपुढे वजाचं चिन्ह काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

"ताई, हे तेव्हा एवढं नीट का नाही सांगितलंत?"

मी गप्प राहिले.

सोमवारी वीस डॉलरच्या आसपास त्यांनी सगळे विकले. उरलं ते माझं नेहमीचं काम: विक्रीचे पैसे बँकेत आणणं, तोटा विवरणपत्रात दाखवणं, त्यातलं परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरणं. वर्षभराने अमेरिकी सरकारने २०.४७ डॉलरच्या भावाने इंटेलचा सुमारे १० टक्के हिस्सा घेतला, नंतर भाव बराच चढला. त्याने माझं मत बदललेलं नाही. काकांना चढणारा शेअर नको होता, पेन्शनला जोड हवी होती.

मे महिन्यातलं टिपण फाइलमध्ये आहे: 'रोखीची जोखीम सांगितली. थोडेच घ्या असं सुचवलं.' त्या दुपारी मी "काका, घेऊ नका" एवढंच म्हणायला हवं होतं.