पाच पावसाळे उभी राहिलेली मारुती

बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीपाशी गेलं की जो तो आधी बॅटरी आणायला धावतो. केबल लावायची, चावी फिरवायची आणि जरा घरघर झाली की ‘लागली, लागली’ म्हणायचं. कणकवलीजवळच्या आमच्या गावी काकांची मारुती 800 पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी हेच सुचवलं. गावातल्या जुन्या मिस्त्रींनी मात्र बॉनेट उघडण्याआधीच बजावलं, “चावी लावू नको हां. आधी टाकी बघूया.”

गाडी 1998 ची. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पेट्रोल आणि हवा मापात मिसळून देणारा कार्ब्युरेटर, थंड इंजिनला सुरुवातीला जादा पेट्रोल मिळावं म्हणून हाताने ओढायचा चोक. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा काकांनी ती घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली. पुढे त्यांच्या डोळ्यांनी साथ सोडली आणि गाडी तिथेच राहिली. काम हाती घेतलं ते 2024 ची दिवाळी झाल्यावर. काकांनी दोन गोष्टी फार चांगल्या करून ठेवल्या होत्या. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना चिरे लावले होते, त्यामुळे मागचे ब्रेक ड्रमला चिकटले नव्हते. आणि वर ताडपत्री घट्ट बांधली नव्हती. कोकणात अशी बांधलेली ताडपत्री पाऊस अडवते खरी, पण आतली ओल कोंडून ठेवते आणि पत्रा आतून सडवते.

टाकीत मात्र निम्मं पेट्रोल तसंच होतं.

ते काढून टाकायचं म्हटल्यावर काका कळवळले. “अर्धी टाकी पेट्रोल आसा, ता फुकट कित्याक घालवतंस?” त्यांचं चुकत नव्हतं; पेट्रोल नासतं हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. पण नासतं. त्यातला हलका, चटकन पेट घेणारा भाग हळूहळू उडून जातो आणि थंड इंजिन सुरू करायला नेमका तोच लागतो. उरलेल्याचा हवेशी संबंध येऊन त्यात डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो. त्यात आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. 2020 च्या सुमारास ते दहा टक्क्यांपर्यंत असायचं, आता वीसपर्यंत गेलं आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं. टाकी अर्धी रिकामी असेल तर वरच्या पोकळीत हवा ये-जा करत राहते, आणि सिंधुदुर्गातली जुलैमधली हवा म्हणजे निम्मं पाणीच. दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात लिटरमागे पाच मिलिलिटरच्या आसपास पाणी मुरलं की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाशी जाऊन बसतं. इंजिनला जाणारी नळी तळाजवळूनच ओढते. म्हणजे स्टार्टर मारला असता तर सगळ्यात आधी वर गेलं असतं ते हेच पाणी, सोबत टाकीतला गंज घेऊन.

हातपंपाने पेट्रोल काढलं. तोंडाने नळी ओढून काढायची सवय अजून बऱ्याच जणांना आहे, ती कृपा करून सोडा. जुनं पेट्रोल फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. काढलेल्या पेट्रोलला ओळखीचा झणझणीत वास नव्हता. वॉर्निशचा डबा उघडल्यावर येतो तसा जड, आंबूस दर्प होता. तळाशी राहिलेलं मिस्त्रींनी काचेच्या बाटलीत घेऊन पायरीवर ठेवलं. थोड्या वेळाने बाटलीत सरळ रेघ दिसायला लागली. वर गडद तपकिरी पेट्रोल, खाली गढूळ पाण्याचा थर आणि त्याच्या बुडाशी लाल गाळ. काकांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली आणि मग पेट्रोल वाचवायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

‘नव्या पेट्रोलात थोडं थोडं मिसळून संपवा’ असा सल्लाही मिळाला. मी तो मानला नाही. चार पैसे वाचवण्यासाठी चांगल्या गाडीच्या टाकीत पाणी आणि डिंक कशाला घालायचा? जमिनीवर ओतणं तर शक्यच नव्हतं. आमच्याकडचा जांभा पाणी झिरपू देतो आणि विहीर शेडपासून हाकेच्या अंतरावर आहे. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते गॅरेजला दिलं. जळकं ऑइल नेणारा माणूस त्यांच्याकडे येतो, त्याच्याबरोबर ते गेलं.

मग टाकी खाली उतरवली. टॉर्च लावून आत पाहिलं तर गंजाची खूण स्पष्ट होती. पेट्रोल होतं तिथपर्यंतचा पत्रा बरा, त्याच्या वरचा सगळा लाल. पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याचा फ्लोटही दांडीवर अडकून बसला होता. कणकवलीत रेडिएटरचं काम करणाऱ्यांकडे टाकी नेली. त्यांनी साबणाच्या पाण्याने ती पुन्हा पुन्हा धुतली, मग आत साखळीचे तुकडे टाकून चहूबाजूंनी घोळवली, गंज काढायचं द्रावण भरून ठेवलं, आणि शेवटी धुऊन उन्हात पूर्ण वाळवली. इथे एक सांगायलाच हवं: रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, कारण आत वाफ भरलेली असते. तिला भोक असलं म्हणून कुणी सरळ वेल्डिंगची ज्योत लावायला निघाला तर हात धरून थांबवा. आमच्या टाकीला भोक नव्हतं, नशीब.

टाकी तिकडे वाळत होती तोवर इकडे इंजिन. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदरांनी काथ्या, गवत आणि काकांच्या जुन्या पावत्या यांचं भरगच्च घरटं केलेलं. स्टार्टर मारला असता तर यातलं काय काय कार्ब्युरेटरमध्ये ओढलं गेलं असतं, देव जाणे. सायलेन्सरचं तोंडही तपासलं. तिथे कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. मडगार्डजवळची एक वायर कुरतडलेली होती, ती जोडून वर टेप गुंडाळली. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि रात्रभर मुरू दिलं. सकाळी क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. सुरुवातीला जरा जड गेलं, मग सुटलं आणि पूर्ण फेरा घेतला. पिस्टन मोकळे आहेत हे हाताला कळलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही गाडी चालणार. टायमिंग बेल्ट रबराचा, त्याचं वय झालेलं. तो, ऑइल आणि कूलंट न विचारताच बदलून टाकलं.

टाकीपासून पुढे जाणारी लोखंडी नळी दोन्ही टोकांना सोडवून हवेने साफ केली. दुसऱ्या टोकाला लावलेल्या फडक्यावर आधी लाल पाणी पडलं, मग लाल भुकटी, मग स्वच्छ हवा. रबरी नळ्या वरून बऱ्या दिसत होत्या, वाकवल्या की भेगा पडत होत्या. त्या सगळ्या बदलल्या, आणि दुकानात इथेनॉलला टिकणाऱ्याच मागून घेतल्या, कारण जुन्या गाड्यांचं रबर त्या काळच्या पेट्रोलसाठी केलेलं असतं. पेट्रोल पंपही नवा बसवला. कार्ब्युरेटरच्या मारुतीला हा पंप इंजिनच्या कॅमशाफ्टवर चालतो आणि त्यात एक रबरी पडदा असतो. तो कडक होऊन फाटला तर पेट्रोल बाहेर गळतंच असं नाही, आत इंजिन ऑइलमध्येही उतरू शकतं. ऑइल पातळ होतं, बेअरिंगं जातात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून डिपस्टिक काढून नुसती पातळी बघू नये, वासही घ्यावा.

खरा वेळ कार्ब्युरेटरने घेतला. मिस्त्रींनी तो सोडवून अंगणात पसरलेल्या पांढऱ्या कापडावर ठेवला. फ्लोटचा बाउल, म्हणजे आत पेट्रोल साठतं ती छोटी वाटी, उघडला तर त्यात पेट्रोल नव्हतंच. होता तो वाळलेला, तपकिरी, चिकट थर आणि एका कोपऱ्यात पाणी साचून धातूला खाल्ल्याची पांढरी भुकटी. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई, नीडल, जागेवर चिकटून बसली होती. मिस्त्रींनी एकेक जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकाची पितळी तोटी, काढला आणि डोळ्यापुढे धरून सूर्याकडे पाहिलं, मग माझ्या हातात दिला. मेन जेटमधून उजेडाची बारीक, वाकडी तिरीप येत होती. पायलट जेट पार आंधळा होता.

त्यांच्याबरोबरचा पोरगा वायरमधली तांब्याची तार सोलून भोकात घालायला निघाला, तेव्हा मिस्त्रींचा आवाज चढला. पितळ मऊ असतं. भोक केसाएवढं जरी मोठं झालं तरी पेट्रोल आणि हवेचं माप कायमचं बिघडतं, मग गाडी पेट्रोल पिते आणि का पिते ते कुणाला सापडत नाही. जेट आणि बाकीचे सुटे भाग क्लीनरमध्ये रात्रभर बुडवून ठेवले, सकाळी हवा मारली. मग पायलट जेट पुन्हा सूर्याकडे धरला. मध्ये गोल, स्वच्छ, टाचणीच्या टोकाएवढा उजेड. एवढ्याशा भोकावर अख्ख्या गाडीचं आयडलिंग, म्हणजे पाय न देता मंद चालत राहणं, उभं असतं. गास्केट आणि नीडलचा नवा किट घातला, फ्लोटची उंची पट्टी लावून जुळवली आणि कार्ब्युरेटर जागेवर बसवला.

पहिली सुरुवात टाकीवर करायची नाही, हेही मिस्त्रींचंच. आधी प्लग बाहेर ठेवूनच, कॉइलची वायर काढून, नव्या बॅटरीवर इंजिन फिरवलं, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून आतली बुरशी पुसली, नवे प्लग लावले. बॉनेटच्या दांडीला ताज्या पेट्रोलची छोटी बाटली टांगली आणि तिची नळी थेट कार्ब्युरेटरला. गॅरेजवाले याला ‘सलाईन लावणं’ म्हणतात. यात फायदा असा की गाडी सुरू झाली नाही तर दोष पेट्रोलचा नाही एवढं तरी पक्कं होतं. मात्र हे उघड्यावरच करायचं, आणि शेजारी वाळूची बादली व आग विझवायचा सिलिंडर ठेवूनच.

चोक ओढला. “आता मार स्टार्टर.” इंजिन फिरलं, एकदा ठसकलं, गप्प झालं. पुन्हा मारल्यावर धरलं, पण अडखळत, दोनच सिलिंडरवर, अख्खी गाडी थडथडत होती. सिलिंडरमध्ये सोडलेल्या ऑइलचा निळसर धूर सायलेन्सरमधून निघून अंगणभर झाला. मिस्त्री कान देऊन उभे राहिले, एकेका प्लगची वायर जरा दाबून बसवली. मधल्या सिलिंडरची सैल होती. ती बसली आणि आवाज एकदम गोल झाला. “तीनय चालतत,” ते म्हणाले. काका पायरीवरून उठून जवळ आले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

बाकीची कामं नेहमीची होती. ब्रेक ऑइलसुद्धा ओल शोषतं, ते बदललं. मागच्या चाकांचे गळणारे व्हील सिलिंडर बदलले. टायरची नक्षी शाबूत होती, पण बाजूवर कोरलेले आकडे 3115 होते, म्हणजे 2015 च्या एकतिसाव्या आठवड्यातले. नक्षी बघून टायर ठेवायचे नसतात, हे आकडे बघून ठेवायचे असतात. चारही नवे घातले.

नोंदणीची मुदत 2023 मध्येच संपली होती. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते, विमा आणि पीयूसी (धुराच्या तपासणीचा दाखला) चालू लागतं, पर्यावरण कर भरावा लागतो. 2022 मध्ये अशा जुन्या मोटारीचं नूतनीकरण शुल्कच पाच हजार झालं होतं, तेव्हा आताचं शुल्क विचारून खर्चाचा हिशोब आधी करून ठेवा. कागद नसताना गाडी रस्त्यावर चालवायची नव्हती, म्हणून ओरोसच्या आरटीओ कार्यालयात ती फ्लॅटबेड ट्रकवरून नेली. पीयूसीची काळजी वाटत होती. या वयाच्या गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो. मिस्त्रींनी मिक्श्चरचा स्क्रू इतका नेमका लावला होता की आकडा त्याच्या बराच खाली आला.

रस्त्यावर आल्यावर थोड्याच दिवसांत पेट्रोल फिल्टर काढून पाहिला, तर आतला कागद पुन्हा तांबूस झालेला. टाकी कितीही धुतली तरी सांध्यातला गंज सुटत राहतो. म्हणून पारदर्शक फिल्टर लावला आहे आणि एक कोरा डिकीत ठेवला आहे. इंजिन ऑइलही लवकरच पुन्हा बदललं. पेट्रोल आता थोडं थोडं भरतो, महिनाभरात संपेल एवढंच. शेजारचा पुतण्या काकांना शेजारी बसवून दर मंगळवारी गाडी कणकवलीच्या बाजाराला नेतो, आणि येताना काका त्याला पंपाजवळ थांबवून काटा किती खाली आला ते विचारतात.