पंचवीस पॉइंट सहा

श्रावणातला सोमवार, पाऊस धरलेला. ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या दुकानातून नौपाड्याकडे निघालो तेव्हाच मी डोक्यात निकाल लावून टाकला होता: स्कूटरचा कंट्रोलर गेला, म्हणजे मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारा डबा.

आमचा मूळ धंदा इन्व्हर्टर-यूपीएसचा. गेल्या काही वर्षांत विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअर आणि ज्येष्ठांच्या चारचाकी स्कूटरही यायला लागल्या. ‘स्कूटर चालू होत नाही’ असा फोन आला की मी आधी तीन गोष्टी विचारतो. चार्जर तसाच लावलेला नाही ना? तो लावलेला असेल तर गाडी मुद्दाम पळत नाही, नाहीतर कुणी वायरसकट निघून जाईल. मागचा लिव्हर ढकलण्याच्या बाजूला राहिलाय का? वॉचमन लोक गाडी बाजूला सारतात आणि लिव्हर तसाच सोडतात. आणि सीटखालचं ब्रेकरचं बटण उडालंय का? यातच बऱ्याच तक्रारी मिटतात आणि माझी फेरी वाचते. इथे तिन्ही ठीक होतं, तरी किल्ली फिरवून दिवा नाही, बीप नाही. आधी दोन मेकॅनिक येऊन गेले होते. दोघांचंही उत्तर एकच, कंट्रोलर. त्याची किंमत पाच आकडी आणि वाट पाहायची ती वेगळीच.

घर तळमजल्यावर. फोनवर बोललेल्या सूनबाई दारात उभ्या होत्या. मी त्यांनाच विचारायला सुरुवात केली, कधीपासून बंद आहे, चार्जिंग किती तास करता. त्या सांगत होत्या. आतून आवाज आला, “अहो, स्कूटर मी चालवते.”

काकू महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. लहानपणी पोलिओ झालेला. चाळीस वर्षं पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, लावून शाळेत उभ्या राहिल्या, आता खांदे साथ देत नाहीत म्हणून स्कूटर. रोज संध्याकाळी तलावपाळीला एक चक्कर, तीही रस्त्याच्या कडेने, कारण आमच्या फूटपाथवर चढायचं तर गाडीला पंख लागतील. गेले अठरा दिवस चक्कर बंद.

“मी बसले की दिवा मिचकायचा,” त्या म्हणाल्या. “उठले की नीट. मग एक दिवस बसले आणि गेलाच.”

मी “हो हो” म्हटलं. खरं सांगायचं तर ऐकलंच नाही.

सीट उपसली, झाकण काढलं. आत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकीला एक जोडून २४. दोन्हींवर आमच्याच दुकानाचा स्टिकर आणि त्यावर माझ्या अक्षरात तारीख, गेल्या वर्षीचा जून. बरं वाटलं. मीटर लावला. पहिली १२.८, दुसरी १२.८, म्हणजे पूर्ण भरलेल्या. दोन्ही मिळून २५.६. फ्यूज शाबूत. कंट्रोलरच्या तोंडाशी मीटर टेकवला, तिथेही २५.६. वीज दारापर्यंत पोचतेय आणि घरातलं कुणी उठत नाही, मग दोष घरातल्याचाच. मी सूनबाईंना सांगून मोकळा झालो, “ताई, कंट्रोलरच बदलावा लागेल.”

काकू काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला दुसरी संधी देताना शिक्षक बघतात तसं. तेव्हा ते दिव्याचं मिचकणं माझ्या डोक्यात शिरलं. कंट्रोलर जळतो तेव्हा जळतो. माणूस बसलं की बंद आणि उठलं की चालू, हे नखरे त्याचे नव्हेत.

आणि एक गोष्ट लक्षात आली. मी प्रत्येक आकडा किल्ली बंद असताना घेतला होता. किल्ली हँडलवर, मीटर सीटखाली, हात दोनच. आधीच्या दोघांनीही बहुधा हेच केलं असावं. “काकू, मी सांगितलं की किल्ली फिरवाल?” त्या खुर्ची ओढून हँडलपाशी आल्या. मी मीटर धरला. “फिरवा.” २५.६ वरून आकडा थेट तीनच्या खाली. “बंद करा.” परत २५.६. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

माझा मामा कोपरीत ऑटो इलेक्ट्रिशियन होता. त्याचा मीटरवर राग. ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब आणि त्याला दोन वायरी, एवढंच त्याचं हत्यार. म्हणायचा, “मीटरला टाकीत पाणी आहे हे कळतं, नळाला धार आहे का ते कळत नाही.” पुढे मला त्याचं गणित कळलं. डिजिटल मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही, अँपिअरचा लाखावा हिस्सासुद्धा नाही. वायरीत टोकाला टोक नुसतं टेकलेलं असलं तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बल्ब जवळपास एक अँपिअर मागतो. तिथे सोंग चालत नाही.

मामाचा बल्ब अजून माझ्या पिशवीत असतो. पहिल्या बॅटरीला लावला, मंद पेटला. निम्मंच व्होल्टेज मिळतंय, तेवढाच पेटणार. दुसरीला लावला, मंद पेटला. दोन्हींच्या बाहेरच्या टोकांना लावला, आता लख्ख पेटायला हवा. काळोख. मीटर मात्र तिथेच २५.६ दाखवत बसलेला. म्हणजे दोन्ही बॅटऱ्या धडधाकट आणि त्यांना जोडणारी वीतभर वायर मेलेली.

ती वायर हाताने चाचपली. मधोमध एका जागी बोटाला लुसलुशीत लागली. कटरने प्लास्टिक चिरलं. आत तांब्याच्या सगळ्या तारा तुटलेल्या, टोकं हिरवी पडलेली. ती जागा नेमकी सीटच्या दांड्याखाली. वायर बॅटरीच्या कडेने न नेता वरून आडवी नेली होती, त्यामुळे काकू बसल्या की दांडा झाकणावर दाबायचा आणि झाकण वायरीवर. चौदा महिने एकेक करत तारा तुटत गेल्या असणार. शेवटी पावसाच्या दमटपणाने उरलंसुरलं काम केलं.

वरून आडवी कुणी नेली? वायरीला बांधलेला निळा टाय माझ्या दुकानातला होता. त्या जूनमध्ये बॅटऱ्या बदलायला पोरगा पाठवला नव्हता, मी स्वतः आलो होतो. घाई असणार, नाहीतर वायर दोन इंच कमी पडली असणार. आता आठवत नाही.

“काकू, ही वायर मीच अशी नेली होती.”

त्यांनी वाकून बघितलं. “मग आता सरळ न्या.”

नवी जाड वायर कापली, दोन्ही टोकांना थिंबल, म्हणजे धातूचे कान, दाबले, कडेच्या खाचेतून फिरवून दोन ठिकाणी बांधली. एकेक बॅटरी दहा-अकरा किलोची, त्यामुळे घामाने आणि पावसाने मी सारखाच भिजलो होतो. बल्ब बाहेरच्या टोकांना लावला तेव्हा पॅसेजमध्ये उजेड पडला. सीट चढवली, किल्ली फिरवली, बीप आली. तरी काकूंना दहा वेळा बसायला-उठायला लावलं. त्यांना ते सोपं नव्हतं, पण दहाव्या वेळेपर्यंत दिव्यावरून नजर त्यांनीही काढली नाही.

पैशांचा विषय त्यांनी काढला, मी हात जोडले. त्या म्हणाल्या, “मग एक काम करा. वायर कशी न्यायची ते लिहून झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या वेळी कोण येईल सांगता येत नाही.”

मी पिशवीतल्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं: ‘जोड वायर सिटच्या दांड्या खालुन नेऊ नये. कडेनी न्यावी.’ काकूंनी हात पुढे केला, चष्मा लावला, माझंच पेन घेतलं. ‘सिट’ची वेलांटी दीर्घ केली, ‘खालुन’चा उकारही. ‘दांड्या’ आणि ‘खालून’ एकत्र जोडले, ‘कडेनी’चं ‘कडेने’ केलं. खाली एक बाण काढला आणि कागद परत दिला.

“पुन्हा लिहा. स्वच्छ.”

मी पुन्हा लिहिलं.