बीफ कबाब आणि मुरवण्याविषयीची माझी जुनी समजूत

घरच्या ग्रिलवर बीफचे कबाब करायला लागल्यानंतर पहिली काही वर्षे मी सगळा भरवसा मॅरिनेशनवर ठेवला होता. मांस कोणत्याही भागाचे असले, तरी ते मसाल्यात रात्रभर मुरले की मऊ होणारच, अशी माझी पक्की समजूत होती. आणि कबाब चिवट निघाला की पुढच्या वेळी मी लिंबाचा रस वाढवत असे, मसाला वाढवत असे, मुरवण्याचे तास वाढवत असे. एकदा तर ताज्या अननसाचा रस घालून मांस रात्रभर ठेवले आणि सकाळी हाताला लागला तो लगदा. त्या दिवसापासून मसाला मांसात नेमके काय करतो आणि काय करू शकत नाही, हे मी नीट समजून घ्यायचे ठरवले. आज माझे मत असे आहे की कबाबाचा मऊपणा मांसाच्या निवडीत आणि कापण्यात असतो, रसाळपणा मिठात आणि वेळेवर उतरवण्यात असतो, आणि मसाल्याचे काम मुख्यतः तुकड्याच्या पृष्ठभागापुरतेच असते.

निवडीपासूनच सुरुवात करायला हवी. जनावराचे जे स्नायू सतत काम करतात, म्हणजे खांदा, मान आणि पाय, त्यांत कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट प्रथिन, पुष्कळ असते. ते विरघळून त्याचे जिलेटिन व्हायला मंद आचेवर काही तास लागतात, आणि कबाब तर निखाऱ्यांवर जेमतेम दहा मिनिटे असतो. त्यामुळे असे मांस कितीही मुरवले तरी ग्रिलवर ते चिवटच राहते. ते रश्श्यात शिजवावे, तिथे त्याच्यासारखे दुसरे नाही. कबाबासाठी मी पाठीच्या मागच्या भागातले सरलॉइन घेते. टेंडरलॉइन त्याहून मऊ असते खरे, पण त्यात चरबी कमी आणि चवही सौम्य, म्हणून माझी पसंती सरलॉइनलाच आहे.

कापण्यापूर्वी मांस अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवले की ते किंचित घट्ट होते आणि सुरी सरळ चालते. वरचा पांढरा चिवट पापुद्रा पूर्ण काढून टाकावा, कारण तो शिजताना आक्रसतो आणि तुकडा वाकडा करतो. मग मांसाचे धागे कोणत्या दिशेने गेले आहेत ते पाहावे. साडेतीन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करताना मी धाग्यांच्या दिशेची लांबी थोडी कमी, अडीच सेंटिमीटरच्या आसपास ठेवते. दाताखाली येणारा धागा जितका आखूड, तितका घास मऊ लागतो, आणि एवढ्याशा काळजीने जो फरक पडतो तो मला कोणत्याही मसाल्याने मिळालेला नाही.

आता मुरवण्याविषयी. मिश्रणातल्या सगळ्या घटकांत खोलवर जाणारा घटक एकच, तो म्हणजे मीठ. मीठ आधी मांसातले पाणी बाहेर ओढते, त्या पाण्यात विरघळते आणि मग हळूहळू आत शिरून प्रथिनांची रचना अशी बदलते की शिजताना ती पाणी अधिक धरून ठेवतात. लसूण, मिरी, जिरे यांचे सुगंध मात्र काही मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत. आंबट पदार्थही पृष्ठभागावरच काम करतात. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर जास्त वेळ राहिले तर बाहेरचा थर पांढुरका आणि पिठूळ होतो, आत मात्र काहीच बदललेले नसते. पपई, अननस आणि किवी यांच्यातली विकरे (एन्झाइम) प्रथिने तोडतात आणि त्यांना थांबायचे कुठे हे कळत नाही. पपईतले पपेन तर मांस तापताना, साधारण 50 ते 70 अंश सेल्सिअसच्या दरम्यान, फ्रिजपेक्षा कितीतरी अधिक जोमाने काम करते. म्हणून आता मी यांतले काही घालायचे झाले, तर मांस ग्रिलवर चढवण्याच्या अर्धा तास आधी, तेही चमचाभरच घालते.

माझे नेहमीचे प्रमाण एक किलो मांसाला 10 ग्रॅम मीठ, 150 ग्रॅम घट्ट दही, तीन मोठे चमचे तेल, सहा पाकळ्या लसूण, बोटभर आल्याचा कीस, एका कांद्याचा पिळून काढलेला रस, दोन चहाचे चमचे जाडसर कुटलेली मिरी आणि तितकेच भाजलेले जिरे असे आहे. मीठ वजनानेच घ्यावे, कारण बारीक आणि जाड मिठाचा चमचा सारखा भरत नाही. दह्याचा आंबटपणा सौम्य असल्याने ते रात्रभर राहिले तरी मांस बिघडत नाही. तेल मसाल्यातले तेलात विरघळणारे सुगंध सगळीकडे सारखे पसरवते. साखर किंवा मध मी मुरवताना घालत नाही, कारण आतला भाग शिजण्याआधी ते करपतात. गोडवा हवाच असेल तर शेवटच्या मिनिटाला ब्रशने लावावा. हे सगळे काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून, 4 अंशांच्या आत असलेल्या फ्रिजमध्ये सहा तास ते रात्रभर ठेवावे. मसाला आत जावा म्हणून मांसाला काट्याने टोचू नये. अखंड मांसात जिवाणू असतात ते मुख्यतः पृष्ठभागावर, आणि टोचल्याने आपणच त्यांना आत ढकलतो.

यानंतरची पायरी मी अनेक वर्षे गाळत होते: मांस ग्रिलवर जाण्यापूर्वी मिश्रण निपटून काढून तुकडे कागदी रुमालाने टिपून घेणे. इतक्या प्रेमाने लावलेला मसाला पुसून टाकायचा, हे जिवावर येते, हे मी जाणते. पण खरपूस रंग आणि भाजल्याचा तो खास वास ज्या मेलार्ड अभिक्रियेमुळे येतो, ती साधारण 140 अंशांच्या वर जोर धरते, आणि पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत त्याचे तापमान 100 अंशांच्या पुढे जाऊच शकत नाही. ओला तुकडा आधी वाफेवर शिजतो आणि रंग येईपर्यंत आतून कोरडा पडतो. जो सुगंध लागायचा तो तोवर मांसाला लागलेला असतो. वरचा जाड थर केवळ करपतो.

सळ्या चपट्या धातूच्या असाव्यात, कारण गोल सळईवर तुकडे जागच्या जागी गरगर फिरतात आणि एकच बाजू पुन्हा पुन्हा निखाऱ्यांकडे येते. बांबूच्या काड्या असतील तर त्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात आणि दोन काड्या समांतर घालाव्यात. दोन तुकड्यांमध्ये नखाएवढी फट ठेवावी, म्हणजे चारही बाजूंना आच लागते. कांदा, ढोबळी मिरची, टोमॅटो यांना मांसाच्या सळईवर जागा देऊ नये. रंगीबेरंगी सळई सुंदर दिसते, पण टोमॅटो गळून पडतो तेव्हा कांदा अजून कच्चा असतो आणि मांस मधल्यामध्ये अडकते. भाज्यांची वेगळी सळई करावी.

कोळसे पेटल्यावर त्यांच्यावर राखेचा करडा थर येईपर्यंत थांबावे, आणि मग सगळे निखारे एका बाजूला ओढून दुसरी बाजू मोकळी ठेवावी. चरबी गळून ज्वाळा उठल्या की सळ्या त्या मोकळ्या बाजूला सरकवता येतात; ज्वाळेवर भाजलेल्या मांसाला काजळीचा कडवटपणा येतो. गॅसचा ग्रिल असेल तर झाकण लावून दहा-पंधरा मिनिटे पूर्ण तापवावा. कोळशाचा ग्रिल मात्र घराच्या आत किंवा बंद बाल्कनीत कधीही पेटवू नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो.

सळई पहिल्यांदा ठेवल्यावर मिनिटभर हलवू नये. मांस जाळीला चिकटलेले असते, रंग आला की ते आपोआप सुटते. त्यानंतर दर मिनिटाला फिरवत राहावे. एकूण आठ ते दहा मिनिटे लागतात, पण घड्याळापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा. अमेरिकेच्या कृषी खात्याची शिफारस अखंड बीफसाठी 63 अंश आणि त्यानंतर तीन मिनिटे विसावा अशी आहे, तर खिम्यासाठी 71 अंशांची, कारण खिमा करताना पृष्ठभागावरचे जिवाणू सगळ्या मांसात मिसळतात. ग्रिलवरून काढल्यानंतरही आतले तापमान दोन-तीन अंशांनी चढते, म्हणून मी 61 अंशांवर सळई उचलते आणि थाळीत ठेवून आकडा 63 ओलांडतो आहे ना हे पुन्हा तपासते.

विसावलेल्या तुकड्यांतून थाळीत जो रस उतरतो तो टाकू नये. तो कबाबांवरच ओतावा. पुसून काढलेले कच्चे मिश्रण मात्र न उकळता वरून लावायचे नाही. वरून लावायला हवे असेल तर मांस घालण्यापूर्वीच वाटीभर मिश्रण वेगळे काढून ठेवावे. आणि लिंबू, जे मी पूर्वी रात्रभर मांसात मुरू देत असे, ते आता थाळी वाढण्याच्या क्षणी गरम कबाबावर पिळते.