कुठल्या जंगलात गेला होतात?

पक्ष्यांचे फोटो दाखवले की हा प्रश्न येतोच, आणि पाठोपाठ दुसरा: कॅमेरा कुठला? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जंगल म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरची तार. कॅमेरा सेकंडहँड, त्यावर ३०० मिमीची लेन्स, आणि तिची झूमची रिंग मध्येच अडकते.

तारेवर वेडे राघू बसतात. हे पोपट नव्हेत, उडते किडे टिपणारे छोटे हिरवे पक्षी. पहिलं वर्षभर मी त्यांच्यामागे नुसती कॅमेरा फिरवत होते. हाती काय लागलं? अर्धी शेपूट, हिरवा फराटा, नाहीतर नुसतीच तार. शेवटी वैतागून कॅमेरा ठेवून दिला आणि काम करता करता नुसतं बघायला लागले. तेव्हा लक्षात आलं की राघू तारेवरून झेपावतो, हवेतच किडा टिपतो आणि बहुतेक वेळा निघाला होता तिथेच परत येऊन बसतो. मधमाशी मिळाली तर लगेच गिळत नाही. चोचीत आडवी धरून आधी तारेवर आपटतो, मग तिचं बूड तारेवर घासतो. विष निघून गेलं की माशी किंचित वर उडवून गट्ट! याला वेडा कुणी म्हटलं कोण जाणे. इतका सावध जेवणारा मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या दिवसापासून मी उडालेल्या पक्ष्याकडे बघणंच सोडलं. तो गेला की रिकाम्या तारेवर फोकस धरायचा, शटर स्पीड सेकंदाचा १/२००० ठेवायचा आणि थांबायचं. समोरच्या काकूंची समजूत झाली होती की मी विजेच्या तारांचे फोटो काढते. कोतवाल आणि खंड्याही असेच ठरलेल्या जागी परतणारे, त्यामुळे तेही जमले. नाचण मात्र नाही. पंख्यासारखी शेपूट पसरून तो या फांदीवरून त्या फांदीवर नुसता नाचत असतो. त्याचा एकही धड फोटो माझ्याकडे नाही.

कॅमेऱ्याचं म्हणाल, तर महागडा कॅमेराही कोतवालापुढे फसतो. पक्षी काळाकुट्ट, मागे पांढरंफेक आकाश. आकाशाचा उजेड बघून कॅमेरा सगळंच अंधारं करतो आणि कोतवालाची नुसती सावली उरते. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, आपण एक-दीड स्टॉप वाढवायचं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). गडद झाडीपुढच्या बगळ्याला उलट, कमी करायचं, नाहीतर पिसांच्या जागी पांढरा डाग येतो.

आणि हो, घरट्यांचे फोटो का नाहीत, हेही काहींनी विचारलंय. एका वर्षी बुलबुलाने गॅलरीतल्या वेलीत घरटं केलं. तीन अंडी. समोर एक मोठं पान आडवं यायचं, म्हणून मी ते दोऱ्याने हळूच बाजूला बांधलं. दोन दिवस सुंदर फोटो मिळाले. तिसऱ्या दिवशी सकाळी कावळा घरट्याच्या काठावर बसलेला होता. ते पान म्हणजे त्यांचा पडदा होता. बुलबुलांची जोडी दुपारपर्यंत ओरडत राहिली. ते फोटो मी पुसून टाकले.

फोटोंचा मला झालेला खरा फायदा वेगळाच आहे. मी वहीत शिंजिराच्या, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याच्या, दोन जाती लिहून ठेवल्या होत्या: एक चकचकीत जांभळा, दुसरा फिका पिवळसर, गळ्यापासून पोटापर्यंत काळी पट्टी असलेला. महिनाभराचे फोटो शेजारी ठेवून बघितले तर पट्टेवाल्याच्या अंगावर जांभळी पिसं फुटत होती. एकच जात! जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा हंगाम सरला की मादीसारखा फिका होतो, पट्टी तेवढी उरते. वहीतली एक ओळ खोडावी लागली.

वही मोजणीसाठीही लागते. ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही फेब्रुवारीतली चार दिवसांची पक्षीगणना १९९८ साली सुरू झाली आणि २०१३ पासून जगभर होते. किमान १५ मिनिटं एका जागी बसून दिसतील ते पक्षी मोजायचे, बस्स. गेल्या खेपेला मी खिडकीतूनच मोजले. सात जाती झाल्या. आठवा बहुतेक नाचण होता, पण तेवढ्यात बेल वाजली आणि दार उघडून येईपर्यंत फांदी रिकामी.