भावाची आर्ट थेरपी: आमचा अनुभव

धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कानात येणारे आवाज गोळ्यांनी बरेच आटोक्यात आले. राहिलं ते दिवसभर पडून राहणं. आंघोळ नको, बोलणं नको, मित्र दारात आला तरी उठणं नको. शेजारचे याला आळस म्हणत. हा आजाराचाच भाग आहे आणि त्यावर गोळ्यांचा फारसा जोर चालत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आर्ट थेरपीचा, म्हणजे चित्रं, मातीकाम यांतून होणाऱ्या उपचाराचा, विषय तिथेच निघाला.

फार आशा मात्र त्यांनी लावली नाही. ब्रिटनमध्ये ४१७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली छापून आले. गटातल्या आर्ट थेरपीने दोन वर्षांनंतरही लक्षणांत फरक दिसला नव्हता. अर्थात, नाव घातलेल्यांपैकी बरेच जण फारसे फिरकलेच नव्हते. "मग पाठवायचं कशाला?" आईने विचारलं. "चार माणसांत बसेल म्हणून." मला ते पटलं.

आधी गेलो तिथे गोळ्या हळूहळू सोडवू म्हणाले. आम्ही उठून आलो. दुसऱ्या ठिकाणी थेरपिस्ट बाईंनी आधी डॉक्टरांचा नंबर मागितला.

अडचण हाताची होती. गोळ्यांमुळे हात थरथरतो. पेन्सिलीची रेघ वाकडी गेली की भाऊ कागद चुरगाळून टाके. बाईंनी पेन्सिल बाजूला ठेवून मातीचा गोळा दिला. आमचं घर नागपूरच्या महाल भागात, लहानपण चितार ओळीतल्या मूर्तिकारांच्या दारात उभं राहून गेलेलं. त्याने आधी पाणी मागितलं. तळवे ओले केले, आणि कडेकडेने अंगठा दाबत गेला. मातीत थरथर दिसत नाही.

झाली ती मारबत! नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'इडापिडा घेऊन जा' म्हणत मिरवून जाळतात, तो पुतळा. आईला लगेच अर्थ लावायचा होता: इडापिडा घेऊन जा, असं म्हणतोय का रे हा? बाईंनी थांबवलं. त्याने सांगितलं तर ऐकायचं, आपण खोदून विचारायचं नाही. तो एवढंच म्हणाला, "मारबत आहे, दुसरं काय."

आता तो सत्राच्या दिवशी स्वतःहून आंघोळ करतो. बाकीच्या दिवशी अजून मागे लागावं लागतं. आवाज वाढले तर सत्र नाही, थेट डॉक्टर. ही अट बाईंचीच. आईने मारबत शोकेसमध्ये मांडली होती, ती त्याने काढून कपाटात ठेवली. म्हणतो, "पाहुण्यांनी काहून पाहावं?"