काहीच केलं नाही तर?

"पिशवी काढायचीय, मॅडम. तारीख द्या."

बसायच्या आधीच त्या हे बोलल्या. मंगळवारची ओपीडी, दुपारचे साडेबारा, बाहेर अजून तीसेक केसपेपर शिल्लक. त्यांनी कॅरीबॅगमधून एका नर्सिंग होमची फाईल काढून टेबलावर ठेवली. वय ४२. राहायला जनता वसाहतीत, पर्वतीच्या उतारावर. सदाशिव पेठेतल्या एका मेसमध्ये रोज दोन वेळा पोळ्या लाटतात. दोन मुलं, नसबंदी झालेली. पाळी दहा-बारा दिवस चालते, गाठी पडतात. हिमोग्लोबिन ७.४. पापणी खाली ओढून पाहिली तर आतला भाग कागदासारखा पांढरा.

सोनोग्राफीत अ‍ॅडिनोमायोसिस होता, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर त्याच्याच स्नायूत शिरून गर्भाशय सुजलेलं. फाईलच्या शेवटच्या कागदावर एका ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं, गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढावेत. आणि तोंडी सांगितलं होतं, नाही काढलं तर पुढे कॅन्सर होईल. तिथला खर्च झेपेना, म्हणून त्या आमच्याकडे, सरकारी दवाखान्यात आल्या होत्या.

मला संताप आला. ही कॅन्सरची भीती मी वर्षानुवर्षं बायकांच्या डोळ्यांत पाहते आहे. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या आल्या, सरकारने समिती नेमली. २०२२ मध्ये केंद्राने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या लागू करायला राज्यांना सांगितलं. पिशवी वाचवायची हे माझ्या मनात पक्कं बसलेलं आहे. त्या दिवशीही मी तिथूनच सुरुवात केली.

अ‍ॅडिनोमायोसिस म्हणजे कॅन्सर नव्हे, हे आधी सांगितलं. मग रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, लोहाची इंजेक्शनं, तांबीसारखं आत बसवायचं हार्मोनचं साधन. चार-सहा वर्षांत पाळी आपोआपच जाईल, तोवर निभावून नेता येईल. मी मन लावून बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, मॅडम."

हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा ऐकते. बहुतेक वेळा त्यालाच आम्ही संमती समजतो आणि पुढचा पेपर घेतो. त्या दिवशी मला ते टोचलं, कारण नर्सिंग होममध्येही त्या हेच म्हणाल्या असणार.

मी दोन वर्षं इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नोकरी केली आहे. तिथेही गर्दी असते, यादी लांबच लांब असते. पण पेशंटला माहितीपत्रक देऊन घरी पाठवायचं, विचार करायला वेळ द्यायचा आणि मग सही घ्यायची, ही सवय तिथे अंगात मुरवली जाते. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी निकाल दिला. मधुमेह असलेल्या, लहान चणीच्या एका बाईला प्रसूतीत बाळाचा खांदा अडकण्याचा धोका डॉक्टरांनी सांगितलाच नव्हता. बाळाला आयुष्यभराचं अपंगत्व आलं. काय सांगायचं हे डॉक्टरांच्या रिवाजावर सोडता येणार नाही, त्या पेशंटच्या जागी असलेल्या माणसाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगावंच लागेल, असं न्यायालयाने ठरवलं. हे सगळं मला पाठ होतं, तरी परत आल्यावर ओपीडीच्या रेट्यात मी ते मागे पडू दिलं होतं.

अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवला, लोहाची इंजेक्शनं सुरू केली आणि म्हटलं, "ताई, रिपोर्ट घ्यायला शुक्रवारी या. येताना मनात येईल ते सगळं लिहून आणा. घरात कुणी लिहिणारं आहे?"

"पोरगी आहे की. नववीला."

शुक्रवारी पोरगी बरोबर आली, शाळेच्या ड्रेसमध्ये. गणिताच्या वहीतला चौकटीचा कागद, चार घड्या घातलेला. त्यावर निळ्या पेनाने सहा प्रश्न, प्रत्येकाखाली उत्तरासाठी दोन ओळी मोकळ्या सोडलेल्या. रिपोर्ट चांगला आला होता, कॅन्सर नव्हता, त्यामुळे पहिला प्रश्न सुटला. चौथा होता, "काहीच केलं नाही तर?"

मी थबकले. एनएचएसमध्ये पेशंटला चार गोष्टी विचारायला शिकवतात. फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग कोणता, आणि काहीच केलं नाही तर काय. जनता वसाहतीतल्या नववीच्या मुलीने कुणी न शिकवता तो चौथा प्रश्न वहीत उतरवला होता. काहीच केलं नाही तर रक्त जात राहील, थकवा वाढेल, पण कॅन्सरची टांगती तलवार नाही, असं मी सांगितलं. मुलीने ते उत्तर तसंच्या तसं लिहून घेतलं.

पाचवा प्रश्न, "अंडाशय म्हणजे काय? ते का काढायचं?" फाईलमधलं इंग्रजी मुलीने वाचून दाखवलं होतं. पिशवीबरोबर आणखी काही जाणार आहे, हे त्या बाईंना तोवर माहीतच नव्हतं. अंडाशय काढले की पाळी जाण्याचे सगळे त्रास एका रात्रीत सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयालाही ते बरं नसतं. त्यांचे अंडाशय निरोगी होते.

मग मी ते विचारलं, जे मंगळवारीच विचारायला हवं होतं. "ताई, या सगळ्यात तुम्हाला सगळ्यात जास्त काय सहन होत नाही?"

मला वाटलं होतं, थकवा म्हणतील. त्या मुलीकडे पाहून जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "संडास." वसाहतीतला सार्वजनिक संडास त्यांच्या घरापासून पायऱ्या उतरून खाली. पाळीत रात्री तीनदा उठायचं, बाटली घेऊन अंधारात उतरायचं, रांग असली की पायावरून ओघळ येईस्तोवर उभं राहायचं. "त्या साधनाने सहा महिने डाग दिसतील म्हणालात ना. मला एक दिवस पण नको आता."

मी हार्मोनचं साधन त्यांच्यापुढे किती प्रेमाने मांडलं होतं! सुरुवातीचे तीन ते सहा महिने अधूनमधून डाग, हे मी ओझरतं सांगून गेले होते. त्यांच्या लेखी नेमकं तेच सगळ्यात मोठं होतं.

ऑपरेशनचे धोके सांगितले. लघवीच्या पिशवीला इजा होऊ शकते, अंडाशय ठेवले तरी पाळी जाण्याची लक्षणं थोडी लवकर येऊ शकतात, सहा आठवडे वजन उचलायचं नाही. त्यांनी मनात हिशेब केला. "दिवाळीत मेस बंद असते. पुढचं जाऊ बघेल." आणि निर्णय सांगितला. पिशवी काढायची, अंडाशय ठेवायचे. नर्सिंग होमने सुचवलं होतं त्यापेक्षा हे वेगळं होतं, आणि मी ठरवून बसले होते त्यापेक्षाही वेगळं. बीजनलिका काढल्या तर अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, हे समजावल्यावर त्याला त्या हो म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत हिमोग्लोबिन १०.६ झालं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी संमतिपत्र आलं. छापील मजकूर नेहमीचाच, डॉक्टरांना आवश्यक वाटेल ती शस्त्रक्रिया करण्यास माझी हरकत नाही. २००८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय, बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन काढून टाकले होते. जिवाला धोका नसताना शुद्धीवर यायची वाट पाहायला हवी होती, आईची संमती चालत नाही, असं न्यायालयाने बजावलं. मी ती छापील ओळ खोडली आणि त्यांना विचारून हाताने लिहिलं, "दोन्ही अंडाशय ठेवावेत. जिवावर बेतलं तरच काढावेत." मुलीने ते मोठ्याने वाचून दाखवलं. मग त्यांनी सही केली, अक्षर अक्षर जोडत.

ऑपरेशन नीट झालं. काढलेला अवयव नातेवाइकांना दाखवायची आमच्याकडे पद्धत आहे. सिस्टरने ट्रे धरला, मी दाराशी आले. नवरा पुढे झाला. रिक्षाचा खाकी शर्ट अंगावर तसाच. बहुतेक जण एक नजर टाकून मान फिरवतात. हा वाकून बराच वेळ पाहत राहिला.

"मॅडम, हे पिशवीचं झालं," तो म्हणाला. "ते दोन आत ठेवलेत ना? तिने आत जाताना विचारायला सांगितलंय."